सेसीत राहायला येताय? आधी गावाला तुमची मोजणी करू द्या

जिनिव्हाच्या परिसरात काम मिळालं की घराचा शोध शहरात सुरू होतो आणि भाड्याचे आकडे बघून बऱ्याचदा सीमेपलीकडे, फ्रान्समध्ये येऊन संपतो. ज्युरा डोंगर आणि स्वित्झर्लंडची सीमा यांच्यामधल्या या पट्ट्याला पेई द जेक्स म्हणतात. सत्तावीस गावांचा हा पट्टा गेली काही दशकं सतत वाढतो आहे. त्यातल्या सेसी या गावात नव्यानं येणाऱ्यानं कोणत्या क्रमानं काय करावं, हे इथं लिहिलं आहे. शेजारच्या गावात घर मिळालं तरी यातलं जवळपास सगळं तसंच लागू पडेल.

सेसीशी आपला एक जुना धागा आहे. सर्न या युरोपीय कणभौतिकी संशोधन संस्थेच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळाकार यंत्रावरचा सीएमएस हा कणांचा १४,००० टनांचा शोधक याच गावाच्या हद्दीत, जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर बसवला आहे. त्याच्या बाहेरच्या थरातला एक भाग कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत तयार झाला. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्यही आहे. या शोधकासाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा रोमन काळातल्या एका वाड्याचे अवशेष आणि चौथ्या शतकातली नाणी सापडली. म्हणजे बाहेरची माणसं इथं येऊन वसण्याची गोष्ट फारच जुनी. जवळच्या फेर्ने गावात व्होल्तेर या फ्रेंच लेखकानं १७५९ ते १७७८ या काळात मुक्काम ठोकला, जिनिव्हाचे घड्याळजी आणून वसवले आणि मूठभर घरांचं ते खेडं हजाराच्या घरात नेलं. आज त्या गावाच्या नावातच व्होल्तेर आहे.

सेसी मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरही बराच काळ काहीशे वस्तीचं, दूध आणि शेतीवर चालणारं गाव होतं. मग १९५४ मध्ये सर्न आलं, जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय संस्था फुगल्या, विमानतळ वाढला, आणि शहरात घरं मात्र त्या प्रमाणात बांधली गेली नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेनं फ्रँकची युरोशी घातलेली मर्यादा काढून टाकली आणि फ्रँक वधारला. स्विस पगार युरोत मोजणाऱ्यांचं उत्पन्न एका दिवसात वाढलं आणि सीमेच्या या बाजूच्या घरांना आणखी मागणी आली. आता सेसीची वस्ती पाच हजारांच्या आसपास आहे.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये राहायला गेलात तर १४ दिवसांत नोंदणी करावीच लागते. फ्रान्समध्ये तशी सक्ती नाही. तुम्ही भाडं भरता, वीज वापरता, मूल शाळेच्या वयाचं होतं, आणि तरीही गावाला तुमचा पत्ता नसतो. गावाचा पैसा, शाळेचे वर्ग, औषधाचं दुकान, पंचांच्या जागा हे सगळं मात्र डोकी मोजूनच ठरतं. म्हणून मोजणीत येण्याची जबाबदारी आपली.

पहिली पायरी: कोणत्या कागदावर राहणार, ते आधी पक्कं करा

घर बघण्याआधी हे करा. अनेक जण इथंच गडबडतात.

सर्नमध्ये किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेत कर्मचारी म्हणून येत असाल तर फ्रान्सचं परराष्ट्र मंत्रालय तुम्हाला विशेष कार्ड देतं आणि त्याची कामं संस्थेचं कार्यालयच बघतं. फ्रेंच कंपनीत नोकरी असेल तर दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो. व्हिसावर तो राहण्याच्या परवान्याचंही काम करतो असं लिहिलेलं असेल, तर पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत सरकारी संकेतस्थळावर जाऊन तो ग्राह्य करून घ्यावा लागतो. ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तिसरा मार्ग म्हणजे नोकरी जिनिव्हाच्या खाजगी कंपनीत आणि घर फ्रान्समध्ये. युरोपीय पासपोर्टवाल्याला हे सहज जमतं, भारतीय पासपोर्टवर सहज जमत नाही. सीमेपलीकडून रोज येऊन काम करण्याचा स्विस परवाना, ज्याला जी परमिट म्हणतात, तो भारतीय नागरिकाला हवा असेल तर शेजारच्या देशात कायम वास्तव्याचा हक्क असावा लागतो आणि सीमाभागात किमान सहा महिने राहिलेलं असावं लागतं. ‘आधी फ्रान्समध्ये घर घेतो, मग जिनिव्हात नोकरी बघतो’ असा बेत आखणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दुसरी पायरी: घर, आणि घराइतकीच टपालपेटी

घरमालक किंवा एजन्सी तुमच्याकडे एक फाईल मागेल. पासपोर्ट, नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपावत्या, आणि जामीन राहणारी व्यक्ती किंवा संस्था. ‘दोसिए फासील’ नावाची सरकारी मोफत सेवा आहे, तिच्यावर ही फाईल नीट लावून तपासून मिळते. एजंटाला त्या फाईलचा दुवा पाठवला की तुमच्या अर्जाकडे लक्ष जातं. अनामत रकमेला कायद्यानं मर्यादा आहे: रिकाम्या घराला एक महिन्याचं मूळ भाडं, सामानासह घर असेल तर जास्तीत जास्त दोन महिन्यांचं. भाडेकरूला घराचा विमा सक्तीचा आहे आणि किल्ल्या हातात येण्याआधी त्याचं प्रमाणपत्र मागतात.

किल्ल्या देताना घराच्या स्थितीचा लेखी पंचनामा होतो, त्याला एता दे लिय म्हणतात. घाईनं सही करू नका. नळ सोडा, खिडक्यांचे शटर वर-खाली करून बघा, भिंतींचे फोटो काढा. त्या दिवशी एखादी गोष्ट नजरेतून सुटली तरी दहा दिवसांच्या आत ती लेखी कळवून पंचनाम्यात घालता येते. हीटरच्या बाबतीत तर थंडीचा मोसम सुरू झाल्यावरचा पहिला महिना तुमच्या हातात असतो. घर सोडताना अनामतीवरून वाद होतो तो याच कागदावर.

आता टपालपेटी. ही बारीक गोष्ट वाटते, पण इथं तिच्यावर फार काही अवलंबून आहे. फ्रान्समध्ये सरकारी पत्रं बरीचशी अजून टपालानंच येतात आणि पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. नवऱ्याचं आडनाव एक, बायकोचं दुसरं, सोबत सासूबाई आल्या असतील तर तिसरं. पेटीवर एकच नाव असेल तर बाकीच्यांची पत्रं परत जाऊ शकतात. आरोग्यविम्याचं कार्ड, बँकेचा सांकेतिक क्रमांक, आणि ज्याबद्दल पुढे सांगणार आहे ते जनगणनेचं पत्र, सगळं याच पेटीत येतं. पहिल्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्या मोठ्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

तिसरी पायरी: मेअरीत जा, कोणी बोलावलं नसलं तरी

फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणारी गावं-शहरं आहेत. १७८९ च्या क्रांतीत ही रचना झाली आणि आज पाचपन्नास वस्तीचं गाव असो की पॅरिस, प्रत्येकाला आपला मेयर, आपली परिषद आणि आपलं कार्यालय आहे. त्या कार्यालयाला मेअरी म्हणतात. आपल्या ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात, तसंच इथंही परिषदेचं माप वस्तीवर ठरतं: २,५०० ते ३,४९९ वस्तीला २३ सदस्य, ३,५०० ते ४,९९९ ला २७ आणि ५,००० पासून ९,९९९ पर्यंत २९.

घर लागल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथं जा. जाण्याआधी वेळ बघून घ्या. छोट्या गावांच्या मेअऱ्या दुपारी बंद असतात आणि आठवड्यातले काही अर्धे दिवसही. दार उघडल्यावर काउंटरपर्यंत जायचं, समोरच्या बाईंकडे बघून ‘बोंझूर मादाम’ म्हणायचं, त्यांच्याकडून बोंझूर येऊ द्यायचं, आणि मगच कामाचं बोलायचं. थेट प्रश्नानं सुरुवात केलीत तर तो उद्धटपणा समजतात आणि पुढचं संभाषण अवघड होतं. फ्रेंच मोडकीतोडकी असली तरी चालते. बोंझूर वगळलेलं चालत नाही.

मग सांगा की आम्ही गावात नव्यानं राहायला आलो आहोत. एवढ्या एका वाक्यावर बरंच काही हाती लागतं: गावाचा माहितीपत्रकवजा अंक, कचऱ्याचं वेळापत्रक, शाळेच्या नावनोंदणीचे अर्ज. अनेक गावांत नव्या रहिवाशांसाठी वर्षातून एकदा मेयरच्या हस्ते स्वागताचा छोटा कार्यक्रम असतो. सेसीतला पुढचा कधी आहे ते विचारून यादीत नाव घाला आणि अवश्य जा. शाळेच्या प्रमुख बाई, संस्थांचे लोक आणि दोन-चार शेजारी तिथं एकाच जागी भेटतात.

सोबत नेहमी पत्त्याचा पुरावा ठेवा. वीजबिल, इंटरनेटचं बिल किंवा भाड्याची पावती, तीन महिन्यांहून जुनी नको. सुरुवातीला मित्राकडे राहात असाल तर त्याचं सहीचं पत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या नावाचं बिल, असा तीन कागदांचा संच लागतो. हा संच पहिल्या वर्षात इतक्या ठिकाणी मागतात की मोबाईलमध्ये त्याचा वेगळा फोल्डर करून टाकावा.

चौथी पायरी: शाळा

मुलं असतील तर ही पायरी तिसरीच्याच दिवशी उरका. फ्रान्समध्ये २०१९ पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे आणि सरकारी शाळा मोफत आहे. बालवाडी म्हणजे मातेर्नेल, तीन वर्षांची. नंतर प्राथमिक, पाच वर्षांची. नावनोंदणी शाळेत होत नाही, मेअरीत होते. मेअरी दाखला देते, तो घेऊन शाळाप्रमुखांना भेटायचं.

कागद असे: मुलाचा जन्मदाखला, आईवडिलांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद. आपल्या महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला निघण्याआधीच अपोस्टिल करून आणा. आधी राज्य सरकारकडून साक्षांकन, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा तो प्रवास आहे आणि इथं बसून करायचा म्हटलं तर महिने जातात. फ्रेंच भाषांतर मात्र इथल्या न्यायालयाच्या यादीवरच्या अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्या. लसींच्या बाबतीत १ जानेवारी २०१८ नंतर जन्मलेल्या मुलांना किमान अकरा आजारांवरच्या लसी सक्तीच्या आहेत. भारतातलं लसपुस्तक घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. जिल्ह्याची माता-बाल आरोग्य सेवा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत बघते, तिला पेएमई म्हणतात. दुसरीकडे डॉक्टर मिळेना तर हा चांगला आधार आहे.

आईवडिलांच्या परवान्याचं काम अजून अडकलेलं असलं तरी मुलाला शाळेत घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. काउंटरवर कोणी वेगळं म्हणालं तर आवाज न चढवता पण ठामपणे लेखी उत्तर मागा.

फ्रेंच न येणाऱ्या मुलांसाठी सरकारी भाषावर्गाची सोय असते. ती तुमच्याच शाळेत आहे की शेजारच्या, ते शाळाप्रमुख सांगतील. मुलं काही महिन्यांत बोलायला लागतात, त्यांची फार काळजी करू नका. काळजी आपण आपल्या फ्रेंचची करावी.

जेवणाचं वेगळं सांगतो, कारण मराठी घरांत पहिला प्रश्न तोच असतो. दुपारची सुट्टी किमान दीड तासाची असते आणि मूल घरी येऊन जेवू शकतं. शाळेच्या खानावळीत ठेवायचं असेल तर त्याची नोंदणी वेगळी. शाळांच्या खानावळीत आठवड्यातून किमान एक जेवण शाकाहारी असण्याची सक्ती २०१९ मध्ये आली आणि २०२१ च्या कायद्यानं ती कायम झाली. उरलेल्या दिवशी मांसाशिवायचं ताट मिळेल की नाही हे गावागावावर अवलंबून आहे, तेव्हा अर्ज भरतानाच विचारा. अंडं आणि मासे इथं ‘मांस’ धरले जात नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

आता मोजणीचा संबंध बघा. शाळेची इमारत, बाकं आणि बालवाडीतल्या मदतनीस बाई गाव पुरवतं. शिक्षक आणि त्यांचा पगार सरकारचा. सप्टेंबरमध्ये किती मुलं येणार याचा अंदाज काढून सरकारी शिक्षणखातं वर्ग उघडायचा की बंद करायचा हे ठरवतं. वाढत्या गावात एकेका वर्गासाठी मेयर आणि पालक आकडे घेऊन भांडत असतात. तुम्ही मार्चमध्ये घर घेतलं आणि मुलाचं नाव ऑगस्टच्या शेवटी घातलं, तर त्या भांडणात तुमचं मूल नव्हतंच. म्हणून घर पक्कं होताच नाव नोंदवा, राहायला यायला दोन महिने असले तरी.

मोठ्या मुलांची माध्यमिक शाळा म्हणजे कोलेज, ती जिल्ह्याकडे असते. शेजारच्या जेक्समधल्या कोलेजला जॉर्ज शार्पाकचं नाव दिलं आहे. १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारा हा शास्त्रज्ञ सर्नमध्येच काम करायचा. त्यापुढची लिसे प्रांताकडे. फेर्ने-व्होल्तेरची आंतरराष्ट्रीय लिसे या भागात नावाजलेली आहे.

पाचवी पायरी: पाणी, कचरा, बर्फ

पाण्याचं खातं रेजी दे झो जेसिएन या स्थानिक सार्वजनिक संस्थेकडे आपल्या नावावर उघडा. मीटरचा आकडा किल्ल्या मिळतील त्याच दिवशी फोटोत घ्या. कचरा सत्तावीस गावांचा संघ बघतो. सगळ्या प्रकारची वेष्टनं एकत्र वेगळी जातात, काच वेगळी. ओल्या कचऱ्याची सोय देणं २०२४ पासून गावांना बंधनकारक आहे, तेव्हा कंपोस्टचा डबा कुठे मिळतो ते विचारा. भाजीच्या देठांचं प्रमाण आपल्या घरात इथल्यापेक्षा जास्तच असतं. जुना सोफा, रंगाचे डबे, फांद्या यांच्यासाठी देशेतरी नावाचं कचराकेंद्र असतं, तिथं प्रवेशासाठी आधी नोंदणी करून घ्या.

रविवारी गवत कापायचं यंत्र किंवा ड्रिल चालवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. मेअरीबाहेरच्या फलकावर त्या लावलेल्या असतात. नव्या शेजाऱ्याबद्दलचं पहिलं मत बहुतेक वेळा यावरूनच बनतं. हिवाळ्यात उत्तरेकडून बीझ नावाचा बोचरा वारा वाहतो. बर्फ पडल्यावर घरासमोरची पायवाट मोकळी करण्याची जबाबदारी बऱ्याच गावांत रहिवाशावर असते. गाडी असेल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ भागातल्या यादीवरच्या गावांत हिवाळी टायर किंवा साखळ्या लागतात. १,३२३ मीटरवरच्या फोसिय घाटात रविवारी बर्फ बघायला जायचा बेत असेल तर टायर आधी.

सहावी पायरी: डॉक्टर आणि कर

डॉक्टरांची टंचाई या भागात खरी आहे. अनेक डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत. आजारी पडण्याची वाट न बघता पहिल्या महिन्यातच आपला नेहमीचा डॉक्टर शोधायला लागा. विमा कुठला, हे पहिल्या पायरीवरच्या कागदावर ठरतं: सर्नच्या कर्मचाऱ्यांचा विमा संस्थेचा, फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्यांचा फ्रेंच, आणि जिनिव्हात नोकरी करणाऱ्यांना तीन महिन्यांच्या आत फ्रेंच आणि स्विस यांपैकी एक निवडावा लागतो. ती निवड सहसा कायमची असते. तातडीच्या वेळी १५ किंवा ११२ वर फोन करा.

औषधाच्या दुकानाचंही गणित वस्तीवरच चालतं. गावाची वस्ती २,५०० झाली की पहिलं औषधाचं दुकान उघडता येतं आणि पुढे दर ४,५०० माणसांमागे आणखी एक.

कराबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या लोकांना ठाऊक नसते. तुम्ही फ्रान्सचे करनिवासी झालात की परदेशातली सगळी बँक खाती दरवर्षी विवरणपत्रासोबत जाहीर करावी लागतात. त्यात स्विस खातं येतं, आणि पुण्यातल्या बँकेत पडून असलेलं एनआरई किंवा एनआरओ खातंही येतं, व्याज शून्य असलं तरी. न सांगितलेल्या प्रत्येक खात्यामागे १,५०० युरो दंड आहे. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या विशेष नियमांखाली असाल तर तिथल्या कार्यालयाला आधी विचारा.

सातवी पायरी: जनगणना. हिला वेळ द्या

इथं आपल्यासारखी दहा वर्षांनी एकदाच देशभर जनगणना होत नाही. १०,००० पेक्षा कमी वस्तीची गावं पाच गटांत विभागली आहेत आणि दरवर्षी एका गटातल्या सगळ्या घरांची मोजणी होते. म्हणजे सेसीसारख्या गावाची पाळी पाच वर्षांनी एकदा. १०,००० च्या वरच्या गावांत दरवर्षी फक्त ८ टक्के घरं मोजतात. सेसीची पाळी कोणत्या वर्षी आहे ते मेअरीत विचारून ठेवा.

पाळीच्या वर्षी जानेवारीच्या मध्यानंतर महिनाभर मोजणी चालते. टपालपेटीत पत्र येतं, त्यात ऑनलाइन अर्ज भरण्यासाठीचे सांकेतिक आकडे असतात. मोजणी करणारी माणसं मेअरीनं नेमलेली असतात आणि त्यांच्याकडे फोटो असलेलं तिरंगी ओळखपत्र असतं. ते दाखवायला सांगण्यात गैर काही नाही. ही माणसं पैसे मागत नाहीत, बँकेचा तपशील मागत नाहीत. कोणी मागितला तर दार बंद करा.

आपल्या मंडळींमध्ये इथं एक भीती असते: आपण परदेशी, आपला परवाना अजून यायचा आहे, सासू-सासरे व्हिसावर आलेत, उगाच कुठे नाव लिहून द्या! ही भीती बाजूला ठेवा. मोजणीत नागरिकत्व न बघता गावात राहणारा प्रत्येक माणूस धरला जातो. परवान्याचे कागद कोणी विचारत नाही. माहिती इन्से या सांख्यिकी संस्थेकडे गुप्त राहते, पोलिसांकडे किंवा करखात्याकडे जात नाही. उलट उत्तर देणं १९५१ च्या कायद्यानं बंधनकारक आहे आणि न दिल्यास ३८ युरो दंड होऊ शकतो. फक्त पाहुणे म्हणून आलेल्यांना तुमच्या घरात मोजायचं नसतं. जे इथं कायम राहतात तेच.

आता हे इतकं महत्त्वाचं का ते सांगतो. गावाचा अधिकृत आकडा दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी जाहीर होतो आणि १ जानेवारीपासून लागू होतो. पण तो तीन वर्षं जुना असतो. १ जानेवारी २०२५ ला लागू झालेला आकडा २०२२ ची वस्ती सांगत होता. थबकलेल्या गावाला याचा त्रास नाही. वाढत्या गावाला मात्र पाच हजारांचे रस्ते झाडायचे असतात आणि अनुदान जुन्या, लहान आकड्यावर मिळतं. त्यात एखादी नवी इमारत मोजणीत अर्धवट राहिली, दहा घरांनी पत्र फेकून दिलं, तर तो खड्डा पुढची पाच वर्षं राहतो. सरकारी अनुदानाच्या मूळ हिशोबात वाढलेल्या दर डोक्यामागे गावाच्या आकारानुसार साधारण ६४ ते १२९ युरो धरतात, दर वर्षाचे. चौघांच्या कुटुंबानं अर्ज भरला नाही तर काय होतं, हे यावरून कळावं.

आठवी पायरी: जिनिव्हात पगार असेल तर आणखी एक नोंद

जिनिव्हात काम करून फ्रान्समध्ये राहणाऱ्यांना फ्रोंतालिए म्हणतात. त्यांचा कर जिनिव्हा पगारातूनच कापून घेतं, आणि त्यांची शाळा, रस्ते, पाणी मात्र फ्रेंच गावं पुरवतात. म्हणून १९७३ मध्ये एक करार झाला. या लोकांच्या एकूण ढोबळ पगाराच्या ३.५ टक्के रक्कम जिनिव्हा दरवर्षी अँ आणि ओत-साव्हुआ या दोन फ्रेंच जिल्ह्यांना देतं आणि तिचा मोठा वाटा गावांपर्यंत येतो. या भागातले कित्येक पूल, शाळा आणि सायकलवाटा या पैशातून झाल्या आहेत.

हा वाटा गावात किती फ्रोंतालिए आहेत त्यावर ठरतो, आणि मोजणीतून बरेच जण निसटतात. कोणी जिनिव्हातल्या मित्राचा पत्ता कंपनीला देऊन ठेवलेला असतो. कोणाकडे स्विस पासपोर्टही असतो, त्यामुळे तो जी परमिटच्या यादीत दिसत नाही. म्हणून इथल्या मेअऱ्या ‘फ्रोंतालिए असाल तर नाव सांगून जा’ अशी आवाहनं करतात. तुमच्या घरात कोणाचा पगार जिनिव्हात कापला जात असेल, तर मेअरीत जाऊन नोंद करा. तुम्हाला एक पैसाही जास्त भरावा लागत नाही. फ्रेंच नवरा किंवा बायको असलेल्या मराठी घरांत तर हा प्रश्न हमखास असतो.

नववी पायरी: गाव पुढे कुठे वाढणार ते वाचायला शिका

भाड्यानं राहात असाल तरी हे उपयोगी, आणि घर विकत घ्यायचं असेल तर अत्यावश्यक.

रस्त्याच्या कडेला, कुंपणाला अडकवलेला किमान ८० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक आयताकृती फलक दिसला की थांबा. बांधकाम परवानगीचा तो फलक. त्यावर परवानगी घेणाऱ्याचं नाव, परवान्याचा क्रमांक आणि तारीख, किती चौरस मीटर बांधणार, इमारतीची उंची किती, आणि पूर्ण फाईल कोणत्या मेअरीत बघायला मिळेल, हे लिहिलेलं असतं. जमिनीचे भूखंड पाडणार असतील तर त्यांची संख्याही असते. फलक लागल्यापासून दोन महिने ज्याला खरंच बाधा पोहोचते अशा शेजाऱ्याला हरकत घेता येते. आज ज्या खिडकीतून मों ब्लां हा पर्वत दिसतो म्हणून तुम्ही जास्त भाडं देताय, त्या खिडकीसमोरच्या कुरणात असा फलक आहे का, हे सही करण्याआधी एकदा पायी फिरून बघा. हा अर्धा तास वाया जात नाही.

फलकाच्या मागे मोठा आराखडा असतो. पेई द जेक्सनं सत्तावीसही गावांसाठी एकच विकास आराखडा २०२० मध्ये मंजूर केला. त्याच्या नकाशात प्रत्येक तुकड्याला एक अक्षर दिलेलं असतं: बांधता येईल, पुढे बांधता येईल, शेती, निसर्ग. २०२१ च्या हवामान कायद्यानं यात आणखी एक लगाम घातला. मोकळी जमीन बांधकामाखाली जाण्याचा वेग २०३१ पर्यंत निम्म्यावर आणायचा आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर. म्हणून जुन्या गावठाणात एका घराच्या जागी तीन मजली इमारत उभी राहताना दिसते. वाढ बाहेर पसरण्याऐवजी आतच दाटते आहे. हे योग्य की अयोग्य यावर गावात जोरात वाद आहेत. जुने शेतकरी आणि नवे रहिवासी दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे असं माझं मत.

त्या वादात तुम्हालाही जागा आहे. भारतीय नागरिकाला गावच्या निवडणुकीत मत देता येत नाही, युरोपीय संघाच्या नागरिकाला येतं. पण आराखडा बदलताना जी जाहीर चौकशी होते, तिच्या वहीत कोणीही लिहू शकतं, नागरिकत्व विचारत नाहीत. गावपरिषदेची सभा किमान तीन महिन्यांतून एकदा होते आणि ती सगळ्यांना खुली असते. मागच्या खुर्च्यांवर बसायचं, बोलायचं नाही, ऐकायचं. फ्रेंच सुधारण्यासाठी याहून चांगला फुकटचा वर्ग मला माहीत नाही. शिवाय शाळेत नवी खोली कधी बांधणार हे तिथंच आधी कळतं.

दहावी पायरी: माणसं

सप्टेंबरच्या सुरुवातीला गावातल्या सगळ्या संस्था एका सभागृहात टेबलं मांडून बसतात. त्याला फोरोम देझासोसियासियों म्हणतात. ज्युदो, गाणं, फुटबॉल, फ्रेंच शिकवणारे स्वयंसेवक, डोंगरात चालणारे गट. नावनोंदणी तिथंच होते आणि मुलांच्या लोकप्रिय वर्गांच्या जागा दुपारपर्यंत भरून जातात. सकाळीच जा, चेकबुक आणि मुलांचे फोटो सोबत न्या. खेळासाठी मुलाच्या तब्येतीची प्रश्नावली भरून द्यावी लागते.

वर्षाअखेरीस दारावर गणवेशातले अग्निशामक कॅलेंडर घेऊन येतात. फ्रान्समधले बहुतांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. तुमच्या गल्लीतला सुतार किंवा शाळेतला पालकही त्यांच्यात असेल. कॅलेंडरची किंमत ठरलेली नसते, आपल्या मनानं पाच-दहा युरो द्यायचे. त्यांना नाव सांगा, घरात वयस्क कोणी असेल तर तेही सांगा. गणवेश घालून येणारा खरंच त्यांच्यातला आहे का अशी शंका आली, तर कार्ड दाखवायला सांगितलेलं त्यांना खटकत नाही.